नवलाचं वय

माझ्या टेबलाच्या खणात एक जुना आयपॉड आहे. आता तो वापरात नाही. तरी हातात घेतला की अंगठा आपोआप त्याच्या पांढऱ्या चकतीवर गोल फिरू लागतो. ‘असं काही पुन्हा झालंच नाही,’ असं मीही कित्येक वर्षं म्हणत आलो. ते म्हणणं आज मला अन्यायाचं वाटतं.

२३ जानेवारी २०१३ रोजी ॲपलने तिमाहीचे आकडे जाहीर केले. तीन महिन्यांत ४ कोटी ७८ लाख आयफोन विकले गेले होते आणि नफा १३.१ अब्ज डॉलर होता. कंपनीचा तोवरचा हा विक्रम. दुसऱ्याच दिवशी शेअर सुमारे १२ टक्क्यांनी कोसळला. बाजार उद्याकडे बघून भाव ठरवतो आणि नफ्याची वाढ थांबल्यासारखी दिसत होती, हे मला समजतं. मला खुपतो तो त्या काळात सर्रास ऐकू येणारा सूर: स्टीव्ह जॉब्स गेले, आता नवं काही निघायचं नाही. आयपॅड येऊन तेव्हा जेमतेम तीन वर्षं झाली होती. आणि तो आला तेव्हाही ‘हा तर नुसता मोठा केलेला आयफोन’ म्हणून अनेकांनी नाकं मुरडलीच होती.

ज्या ‘काल’शी आपण आज तुलना करतो, तो तरी तसा होता का? २००७ सालच्या पहिल्या आयफोनवर बाहेरची ॲप घेता येत नव्हती; ॲप स्टोअर आलं २००८ मध्ये. मजकूर उचलून दुसरीकडे चिकटवण्याची साधी सोय मिळायला २००९ उजाडलं. हे अर्धवटपण आपण विसरलो. लक्षात राहिला तो फक्त पिकलेला आंबा, आणि तो मोहराच्या दिवसांतच हवा, असा आपला हट्ट.

म्हणून मोठ्या कंपन्यांना जाब विचारू नये असं नाही, विचारलाच पाहिजे. जुन्या आयफोनचा वेग मुद्दाम कमी केला जातो, हे ॲपलला २०१७ मध्ये कबूल करावं लागलं. लोक चिडले, कंपनीने माफी मागितली, बॅटरी बदलून घेणं स्वस्त झालं. ती टीका केलेल्या कृत्याबद्दल होती. दरवर्षी चमत्कार का नाही, ही तक्रार मात्र आपल्या अधीरतेची आहे, आणि तिच्यापायी खऱ्या प्रश्नांचा आवाज दबतो.

माझ्या अंगठ्याला आठवणारी ती चकतीसुद्धा २००१ च्या पहिल्या आयपॉडवर नव्हती. तिथली चकती खरोखरच फिरायची. २००२ मध्ये ती स्पर्श ओळखू लागली, आणि बटणं तिच्यातच सामावली ती २००४ मध्ये. मी ज्याला एका क्षणाचं नवल समजत होतो, ते तीन वर्षांचं काम होतं.