मधल्या पायऱ्या

चकती फोडणाऱ्याने बंदुकीच्या माशीकडे बघायचं नसतं. रायफलवाल्याचं सगळं ध्यान माशीवर. तिची कड स्वच्छ दिसली की मागचं लक्ष्य थोडं धूसर असलं तरी भागतं. ट्रॅपमध्ये, म्हणजे उडत्या चकत्यांच्या खेळात, नेमकं उलट. दुनळीच्या टोकावरच्या त्या इवल्या मण्यावर नजर गेली की हात थबकतो, नळी थबकते आणि बार चकतीच्या मागून जातो.

चकती ११० मिलिमीटरची, वजन १०५ ग्रॅमच्या आसपास, डांबर आणि चुनखडीच्या पुडीची. समोरच्या खंदकात १५ यंत्रं, आपण १५ मीटर मागे, पाच जागांपैकी एकीवर. बंदूक खांद्याला, गाल दस्त्याला, आणि तोंडातून हाक गेली की तीनपैकी एका यंत्रातून चकती सुटते. डावीकडे जाईल, उजवीकडे की सरळ, ते आधी कळत नाही. वेग ताशी शंभर किलोमीटरच्या घरात. छर्रे पस्तीस मीटरवर पोचायला सेकंदाचा दहावा हिस्सा घेतात. तेवढ्यात अगदी आडवी जाणारी चकती अडीच-तीन मीटर पुढे सरकलेली असते. तिरकी जाणारी त्याहून कमी. म्हणून ती जिथे आहे तिथे नाही, जिथे जाणार आहे तिथे चाप ओढायचा, आणि ओढल्यावरही बंदूक फिरतच ठेवायची.

आमच्या घरात बंदूक आली ती पिकासाठी. आमच्या केळझर गावापलीकडे बोरचं जंगल, त्यामुळे तूर-हरभऱ्यात रानडुकरं ठरलेली. वडिलांकडे पीकसंरक्षणाचा परवाना आणि एक बारा बोअर होती. तिचा मला खेळासाठी उपयोग झाला तो इतकाच, की बंदुकीची भीती आणि बंदुकीची मिजास दोन्ही लहानपणीच गेल्या.

आम्ही गावकरी केळझरला एकचक्रा नगरी मानतो. बकासुराचा निकाल लावून पांडव इथूनच द्रौपदीच्या स्वयंवराला निघाले. म्हणजे गावातून थेट अंतिम फेरीत गेलेला नेमबाज एकच, आणि त्याला ना राज्य स्पर्धा द्यावी लागली, ना प्री-नॅशनल. (कर्णाला मात्र पात्रतेतच बाद केलं, असं कीर्तनकार सांगतात.) आम्हाला सगळ्या पायऱ्या चढाव्या लागतात. आधी राज्य, मग मावळणकर स्पर्धा, मग राष्ट्रीय. मावळणकर म्हणजे पहिल्या लोकसभेचे सभापती ग. वा. मावळणकर, १९५१ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय रायफल संघटनेचे ते पहिले अध्यक्ष. राष्ट्रीय स्पर्धेत ठरवून दिलेले गुण काढले की ‘रिनाउन्ड शॉट’चा दर्जा मिळतो आणि परदेशी बंदूक-काडतुसं आणायची वाट मोकळी होते.

हे सगळे उंबरठे आहेत. ओलांडला तर आत, नाहीतर बाहेर. मधे काही नाही.

पुतण्या टेक्सासला नोकरीला आहे, तिथे तोही चकत्या फोडतो. त्यांच्याकडे स्पोर्टिंग क्लेजमध्ये ई, डी, सी, बी, ए, मग डबल ए आणि मास्टर असे वर्ग. आपल्या वर्गातल्यांशी लढायचं, वरचे नंबर काढले की खात्यावर ‘पंच’ म्हणजे बढतीचे गुण जमा होतात, पुरेसे झाले की वरचा वर्ग. त्यांच्या ट्रॅपमध्ये हँडिकॅपचा प्रकार आणखी मजेशीर. चांगला खेळलास तर मागे उभा राहा: १९ यार्डांपासून २७ यार्डांपर्यंत. बक्षीस म्हणून लक्ष्य लांब!

परवा त्याचा फोन आला. “काका, बी मध्ये गेलो. आता सोपं नाही राह्यलं.”

“कोणती चकती खाऊन राह्यली तुला?” मी विचारलं. तो हसला, पण उत्तर लगेच दिलं: डावीकडे खालून जाणारी.

हाच खरा प्रश्न आहे. प्रत्येकाची एक वैरीण असते. माझी पाचव्या जागेवरून तुटक उजवीकडे जाणारी. ती सुटली की मान आपोआप वर येते, गाल दस्त्यावरून उचलतो, छर्रे तिच्या डोक्यावरून जातात. ट्रॅपचं गणित असं की तिला चुकवता येत नाही. २५ चकत्यांच्या फेरीत प्रत्येकाला १० डाव्या, १० उजव्या, ५ सरळ, म्हणजे पाचही जागांवर दोन-दोन-एक. आवडीच्या चकत्या कितीही सुंदर फोडा, त्यांनी वर्ग बदलत नाही. पंधरावरून विसावर माणूस शिकवण्याने येतो: पाय कसे, वजन कुठे, नजर कुठे धरायची. विसावरून तेविसावर येतो तो वैरिणीशी तडजोड करून. त्याच्या पुढे शिकायचं जवळजवळ काही उरत नाही, टाळायचं मात्र बरंच उरतं. चुकलेल्या चकतीचा विचार पुढच्या हाकेपर्यंत नेणं, हे त्यातलं पहिलं.

आणि वर्ग चांगल्या दिवसाने ठरत नाही. एखाद्या सकाळी २४ फुटतात, माणूस गावभर सांगतो. पात्रता फेरी १२५ चकत्यांची. त्यात एक फेरी १८ची आली की ती २४ची फेरी पुसली जाते. माझ्या मते वर चढणं म्हणजे वाईट दिवसाची पातळी वर आणणं. त्याला मैदान लागतंच असं नाही, तसं ते माझ्या वाट्याला येतंही क्वचित. दिल्लीत तुघलकाबादला डॉ. कर्णीसिंह रेंजवर जायचं तर नागपूरहून रात्रभराची गाडी. एरवी घरी बंदूक दोनदा उघडून रिकामी असल्याची खात्री करायची, खोटी काडतुसं भरायची, आणि भिंत जिथे छताला मिळते त्या रेघेवरून नळी डावीकडून उजवीकडे न्यायची. कंबरेतून वळायचं, हाताने नाही. गाल सुटला की रेघेवरून नळी हलते, लगेच दिसतं.

अगदी वरच्या पायरीवर फरक किती उरतो ते २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये दिसलं. स्कीट या चकत्यांच्याच दुसऱ्या प्रकाराच्या मिश्र दुहेरीत महेश्वरी चौहान आणि अनंतजित सिंग नरुका कांस्यपदकाची लढत चीनकडून ४३-४४ अशी हरले. एक चकती. पण तिथवर पोचणारे मूठभर. ९५ ते ११० च्या मधे वर्षानुवर्षं लटकलेले आम्ही बाकीचे कुणाशी लढतो? ११८ वाल्याशी, आणि हरतो. आम दंगलीतसुद्धा पंच असं करत नाहीत. रेवड्यांवरच्या पोरांच्या कुस्त्या आधी लावतात, जोडीला जोड बघून, आणि मोठी कुस्ती शेवटी.

वर्गांना खोट आहेच. खालच्या वर्गाचं बक्षीस मारायला मुद्दाम चकत्या सोडणारे तिथेही असतात, म्हणून एकदा वर चढवलेल्याला सहजी खाली येऊ देत नाहीत. आपल्याकडे तर त्यावर कुणी निवड समितीपर्यंत भांडेल. तरी राज्य स्पर्धेपुरतं करून बघायला खर्च काही नाही. गुणपत्रक आधीच लागतं. त्यावर दोन आडव्या रेघा मारायच्या, प्रत्येक रेघेखालच्या पहिल्या तिघांची नावं वाचायची, आणि पुढच्या वर्षी कोण कोणती रेघ ओलांडून गेला ते लिहून ठेवायचं. पुतण्या म्हणतो, “काका, तुमची तर बी मधली लढत होईल, माझ्यासंग.” होऊ दे. त्याची डावीकडची अजून सुटतेच आहे.