साजगांवची यात्रा व पाण्याची नळी

बोरघाटाच्या पायथ्याशीं, खोपोलीजवळ साजगांव आहे. कार्तिकांत येथें विठोबाची मोठी यात्रा भरते. यात्रेंत सुक्या मासळीचा बाजार असतो, म्हणून लोक या देवास ‘बोंबल्या विठोबा’ म्हणतात. पाण्याच्या बाबतींत हा मुलूख भाग्यवान खरा. घाटवाटेवरील खोपोलीस नाना फडणिसांनीं तलाव बांधला. घाटमाथ्यावरील तलावांचें पाणी मोठ्या नळांतून येथें उतरतें व १९१५ पासून त्यावर वीज निघत आहे.

पूर्वीचा वाटसरू तांब्या-दोरी घेऊन निघे. आतां बिऱ्हाडच चाकांवर चालूं लागलें आहे. महाराष्ट्र सरकारनें २०२१ मध्यें कॅरॅव्हान-पर्यटनाचें धोरणही ठरविलें. या गाडींत दोरीची जागा नळीनें घेतली आहे. तिनेंच नळाचें पाणी गाडीच्या टांकींत भरावयाचें.

यात्रेच्या धुळींत व माश्यांत ही नळी उघडी लोळूं देणें बरें नव्हे. काम होतांच ती एका टोकापासून उचलीत जाऊन पुरती निथळवावी, सैल वेटोळें करावें व दोन्ही टोकें एकमेकांस जोडावीं. म्हणजे किडामुंगी आंत शिरत नाहीं. सांडपाण्याची नळी निराळ्या पेटींत ठेवावी. दोहोंचा स्पर्शहि होऊं देऊं नये. नळींत साचलेलें पाणी उन्हानें कुबट होतें, आणि तेंच मुलांच्या पोटांत जातें! म्हणून टांकी भरण्यापूर्वीं नळींतील पहिलें पाणी सोडून द्यावें. यात्रेहून प्रसाद आणावा, दुखणें आणूं नये.