मामाची वही

या दिवाळीत दारव्ह्याला गेलो होतो. मामा जाऊन चार वर्षं झाली, पण त्याची पत्र्याची पेटी मामीने उघडलीच नव्हती. "तूच पाह्य बाप्पा एकदा," म्हणाली.

पेटीत सातबाऱ्याच्या नकला, बियाण्याच्या पावत्या, एक निळी वही आणि रबराने बांधलेले लॉटरीच्या तिकिटांचे गठ्ठे. वहीत लागलेली बक्षिसं लिहिलेली. तारीख आणि रक्कम, बस्स. न लागलेल्या तिकिटांची एक ओळ नाही!

सगळ्यात मोठं बक्षीस ५,००० चं. त्याखाली लाल रेघ. ते तिकीट मी निवडलं होतं. सहावीत होतो, उन्हाळ्याच्या सुट्टीत आलो होतो. "पोट्ट्या, तुझा हात चांगला आहे," म्हणत मामाने स्टॉलवर माझ्यापुढे तिकिटं पसरली होती. मग आळीभर पेढे! ही फुशारकी मी पुढे कितीतरी वर्षं मारत आलोय.

मामा मटक्याच्या मात्र सख्त विरोधात. "तो जुगार. हे सरकारी आहे." गंमत म्हणजे मटका मुळात आपल्या कापसाचाच. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडते-बंद भाव मुंबईत तारेने यायचे, त्यावर लोक आकडा लावायचे. १९६१ मध्ये ते भाव यायचे थांबले तेव्हा चिठ्ठ्या काढणं सुरू झालं. मटक्यात दहा आकडे आणि एका रुपयाला नऊ. म्हणजे दहाही आकड्यांवर एकेक रुपया लावा, एक रुपया जाणारच. लोकांना मटक्यापासून तोडायचं म्हणूनच १९६९ साली महाराष्ट्र राज्य लॉटरी आली. पण तिकिटाच्या रुपयातून बक्षिसाआधी छपाई, विक्रेत्याचं कमिशन आणि सरकारचा वाटा निघतोच की. शिवाय कर. तिकिटावर २८ टक्के असलेला जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के झालाय. मोठं बक्षीस लागलंच तर त्यावर ३० टक्के आयकर, वर उपकर, आणि तिकिटांचा खर्च त्यातून वजा करता येत नाही. आयकर खात्याची वहीसुद्धा मामासारखीच :)

असो. मी एक नसता उद्योग केला. ओसरीवर बसून सगळी तिकिटं मोजली. २,७०० च्या वर निघाली. छापील किमतीने १९,००० रुपये. वहीतली बेरीज ७,४००. आणि ही फक्त उरलेली तिकिटं हं, बरीचशी मामीने केव्हाच चुलीत घातली होती.

मामी शेजारी तूर निवडत बसली होती. लाल रेघ दाखवली तर म्हणाली, त्या साली पेरणीसाठी तिच्या पाटल्या सावकाराकडे ठेवल्या होत्या. कापसाचा चुकारा आला की सोडवायच्या, असं ठरलं होतं. पण ५,००० लागल्यावर मामाला वाटलं, आता दिवस फिरले. चुकाऱ्यातले निम्मे पैसे तिकिटांत गेले. पाटल्या गेल्या त्या गेल्याच.

मला हे आजवर कुणी सांगितलं नव्हतं. (ताई, तू हे वाचशीलच. तुला ठाऊक होतं का गं?)

गठ्ठे परत बांधत होतो तेवढ्यात मामीने विचारलं, "किती झाले गा सारे?"

मी आकडा सांगितला.

"पाटल्या धरल्या का त्यात?"

धरल्या नव्हत्या.