अंगठ्याला काम नसलेलं पिस्तूल

सिनेमात अधिकाऱ्याच्या हातात कायम पिस्तूल असतं. प्रत्यक्षात आमच्या नोकरीत सगळ्यात कमी चालतं ते पिस्तूलच. डोंगरात, जंगलात, शोधमोहिमेत मी वीसेक वर्षं रायफलच वागवली. आधी इन्सास, मग एके. पिस्तूल कमरेला असायचं. ठरलेल्या दिवशी रेंजवर न्यायचं, वाट्याचे राउंड झाडायचे, साफ करून कोतमध्ये जमा करायचं आणि सही करायची. त्यामुळे पिस्तुलावर अख्खा लेख लिहीन असं मला वाटलं नव्हतं. पण गेल्या महिन्यात ग्लॉक १७ पहिल्यांदा चालवलं आणि तेव्हापासून एक विचार डोक्यातून जात नाही.

माजी सैनिक वाचकांना आमचं जुनं पिस्तूल सांगायला नको. इतरांसाठी थोडक्यात: बंगालमधल्या ईशापूरच्या रायफल फॅक्टरीत बनलेलं ९ मिमीचं '१ए'. त्याचं मूळ म्हणजे ब्राउनिंग हाय-पॉवर. अमेरिकेच्या जॉन ब्राउनिंगने काम सुरू केलं, १९२६ मध्ये तो वारला, पुढे बेल्जियममध्ये द्यूदोने सेव्ह याने ते पूर्ण केलं आणि १९३५ मध्ये पिस्तूल बाहेर आलं. मॅगझिनमध्ये १३ राउंड, जे त्या काळात फार मोठं होतं. अंग पोलादी, वजन किलोला थोडंच कमी. मागे उघडा घोडा, डाव्या अंगाला अंगठ्यापाशी सेफ्टीचा खटका. वर केला की बंद, खाली केला की चालू. डेहराडूनला पहिल्यांदा हातात आलं तेव्हापासून माझा अंगठा हेच करत आला आहे. हे असं हत्यार आहे की दगडावर आपटलं तर आधी दगडाची काळजी वाटावी. माझी त्याच्याबद्दल तक्रार नाही.

आपल्या स्पेशल फोर्सेसकडे ग्लॉक बरीच वर्षं आहे, पण माझा त्याच्याशी कधी संबंध आला नव्हता. सध्या माझी पोस्टिंग पूर्वेकडच्या एका छावणीत आहे. तारेच्या कुंपणापलीकडे चहाचे मळे, अलीकडे आमची शॉर्ट रेंज. पावसाळा सरता सरता शेजारच्या एका तुकडीने तिथे फायरिंग ठेवलं आणि आम्हा काही जणांना बोलावलं. माझ्याबरोबर आमच्या युनिटचा वेपन ट्रेनिंगचा हवालदार होता. साताऱ्याकडचा माणूस, सतरा वर्षं नोकरी, हत्यारांचा हात चांगला.

लाल झेंडा चढला, अॅम्ब्युलन्स लागली, रेंज ऑर्डर वाचून झाल्या आणि उस्तादांनी रिकामं पिस्तूल आमच्या हातात दिलं. पहिली गोष्ट जाणवते ती वजन. खालचा सगळा सांगाडा पॉलिमरचा, म्हणजे एका प्रकारच्या कडक प्लास्टिकचा. स्लाइड आणि नळी तेवढी पोलादी. रिकाम्या मॅगझिनसकट पाऊण किलोही भरत नाही. हातात घेतल्यावर खेळण्यासारखं वाटलं हे खरं सांगतो. हवालदाराने ते उलटसुलट करून बघितलं, मागे बघितलं, डाव्या अंगाला बघितलं आणि हळूच म्हणाला, "साहेब, ह्येला कुलूपच न्हाई की."

घोडा नाही, आणि अंगठ्याने लावायची सेफ्टीही नाही. माझाही अंगठा एव्हाना दोनदा त्या जागेवर जाऊन रिकामा परत आला होता.

ह्या पिस्तुलाची जन्मकथा मजेशीर आहे. ऑस्ट्रियाचा गॅस्टन ग्लॉक हा मुळात बंदुका करणारा नव्हेच. पडद्याच्या दांड्या, लष्करासाठी चाकू आणि खंदक खणायची फावडी असा त्याचा धंदा. ऑस्ट्रियन लष्कराला नवं पिस्तूल हवं होतं, ह्याने कोऱ्या पाटीवर विचार केला आणि १९८२ मध्ये त्याचं पिस्तूल स्वीकारलं गेलं. मॅगझिनमध्ये १७ राउंड बसतात म्हणून नाव १७ असं बहुतेकांना वाटतं. ते त्याचं सतरावं पेटंट होतं म्हणून.

कुलूप नाही म्हणजे सुरक्षा नाही असं मात्र नव्हे. चापाच्या मधोमध एक बारीक पट्टी असते. बोट नीट मधोमध पडून ती दाबली गेली तरच चाप मागे येतो. आत फायरिंग पिन अडवणारी दुसरी व्यवस्था, आणि पिस्तूल पडलं तरी पिन सुटू नये म्हणून तिसरी. चाप दाबत नेला की तिन्ही एकेक करून उघडतात, बोट काढलं की आपोआप परत लागतात. सैनिकाने वेगळं काही करायचं नाही. उस्तादांनी हे सगळं सांगून झाल्यावर स्वतःची तर्जनी वर करून दाखवली. "साहब, इसका असली सेफ्टी ये है."

मग फायरिंग. पहिले दहा राउंड ७ मीटरवर, पुढचे १५ वर, शेवटचे २५ वर. जुन्या पिस्तुलाची सवय असलेल्याला इथे एक फरक लगेच कळतो. ग्लॉकची मूठ नळीशी जास्त तिरकी आहे. मनगट नेहमीसारखं धरून पिस्तूल वर आणलं की नळीचं तोंड थोडं वर बघतं आणि फोरसाइट बॅकसाइटच्या खाचेत यायच्या ऐवजी वर तरंगत राहतो. मनगट जरा पुढे झुकवावं लागतं. फोरसाइटवर पांढरा ठिपका आणि बॅकसाइटला पांढरी कड असल्यामुळे ढगाळ उजेडातही ते पटकन सापडतात. आमच्या १एच्या बारक्या काळ्या साइट्सनी संध्याकाळी डोळ्यांना किती कष्ट दिलेत ते जुन्या मंडळींना आठवत असेल.

धक्का कमी वाटला, म्हणजे वेगळा वाटला. राउंड तोच ९ मिमीचा, पिस्तूल हलकं, तेव्हा जास्त उसळेल अशी माझी अटकळ होती. पण नळी हाताच्या अगदी जवळ, खाली बसलेली आहे. त्यामुळे पिस्तूल वर उडी मारण्यापेक्षा सरळ तळहातात मागे ढकलतं आणि पुढच्या गोळीसाठी साइट्स लवकर जागेवर येतात. चाप पहिल्यापासून शेवटच्या गोळीपर्यंत सारखाच. गोळी सुटल्यावर बोट पूर्ण सोडायचं नाही. चाप जरासा पुढे येऊन 'टिक' करतो, तिथूनच पुन्हा दाबायचा. ही 'टिक' कळली की २५ मीटरवरचा ग्रुप आवळत जातो.

हवालदाराच्या एका मॅगझिनमध्ये उस्तादांनी त्याला न सांगता एक डमी राउंड घातला. तो चेंबरमध्ये आला, चाप दाबला, आवाज झाला नाही आणि सगळ्यांना दिसलं की नळीचं तोंड बोटभर खाली गेलं. धक्का येणार म्हणून हात आधीच दाबतो, त्याचं हे सोंग उघडं पडतं. हा उपाय जगातल्या सगळ्या रेंजवर चालतो आणि चांगल्या चांगल्यांची परीक्षा घेतो. हवालदार मनापासून हसला आणि म्हणाला, "अजून एक घाला, उस्ताद." तिसऱ्या डमीला नळी हलली नाही.

शेवटी खोके मोजले. एक कमी भरला. ओल्या गवतात वीस मिनिटं सगळे ओणवे. सापडल्यावर आपापल्या जागी उभं राहून, आपल्याकडे जिवंत राउंड किंवा खाली खोका नाही, हे प्रत्येकाने जाहीर केलं आणि मग झेंडा उतरला. हत्यार कितीही नवं येवो, ह्यात बदल व्हायचा नाही आणि होऊही नये.

रेंजवर मजा आली, पण मला विचारात पाडलं ते नंतरच्या टेबलाने. साफसफाईचं टेबल. जुनं १ए खोलायचं तर स्लाइड मागे अडकवूनच सुरुवात करावी लागते. म्हणजे चेंबर आपोआप उघडं पडतं, आत काही असेल तर दिसतंच. शिवाय त्या पिस्तुलात मॅगझिन काढलं की चाप काम करत नाही. ग्लॉकचं दोन्ही बाबतींत उलटं. मॅगझिन काढलं तरी चेंबरमध्ये राहिलेला राउंड सुटतो. आणि खोलायच्या आधी चाप दाबावाच लागतो, त्याशिवाय स्लाइड निघत नाही.

आता ह्या दोन गोष्टी एकत्र ठेवून बघा. वीस वर्षं जुनं पिस्तूल वागवलेला एखादा जवान रात्रीच्या ड्यूटीवरून दमून आला आहे. तो मॅगझिन काढतो. त्याच्या हाताला माहीत आहे की मॅगझिन निघालं म्हणजे पिस्तूल मेलं. मग खोलण्यासाठी चाप दाबतो. समोर टेबलावर दुसरा जवान नळी पुसत बसला आहे. पिस्तुलाने काहीच चूक केलेली नाही. माणसानेही त्याला शिकवलं तेच केलं आहे.

उलट दिशेनेही तेवढंच वाईट. ग्लॉकवर तयार झालेल्या तरुणाला अडीनडीला १ए मिळालं, खटका वर आहे, दारामागून कोणी समोर आलं. त्याचं बोट बरोबर चापावर जाईल, पण अंगठ्याला आपलं काम ठाऊकच नसेल. चाप हलणार नाही. खोलीच्या आत, तीन मीटरवर, त्या एका क्षणाची किंमत काय असते ते काश्मीरमध्ये काम केलेल्या कुणालाही विचारा.

म्हणून नवं पिस्तूल येणं म्हणजे कोतच्या रजिस्टरात एक नवी ओळ येणं एवढंच नसतं. कोतमध्ये दोन जातींची पिस्तुलं शेजारी शेजारी असतील तर दोन वेगळ्या सवयीही शेजारी शेजारी असतात. हत्यार एका सहीने बदलतं. हाताची सवय बदलायला शेकडो वेळा कोरडा सराव लागतो.

होल्स्टरचं घ्या. जुन्या सवयीत पिस्तूल परत ठेवताना अंगठा सेफ्टी लावून मोकळा होतो, नजर समोर असते. ग्लॉक ठेवताना बोट चापाच्या कड्याबाहेर सरळ, आणि होल्स्टरमध्ये काही अडकलं नाही ना हे बघूनच आत. जॅकेटची दोरी, शर्टाचं टोक चापावर अडकलं तर ते बोटाचंच काम करतं. पिस्तूल दोरी आणि बोट ह्यांत फरक करत नाही.

मग चांगलं कोणतं? मला ग्लॉक आवडलं. चेंबरमध्ये राउंड ठेवून सुरक्षित वागवता यावं म्हणूनच ते बनवलेलं आहे. मी ज्या युनिटांत होतो तिथे १ए चेंबर रिकामं ठेवूनच वागवायचो, म्हणजे गरज पडली की आधी दोन्ही हातांनी स्लाइड ओढा. ग्लॉक एका हाताने निघतं आणि चालतं. दुसऱ्या हातात रेडिओ असेल, जखमी जोडीदाराची कॉलर असेल, तर हा फरक मोठा आहे. पण ज्याच्या वाट्याला वर्षाला मूठभर राउंड येतात आणि कोरड्या सरावाला ज्याला वेळच दिला जात नाही, त्याच्या कमरेला मी आजही १एच लावीन. (नागरिक वाचकांनो, कोणतं घ्यावं हे मला पत्रातून विचारू नका. ९ मिमी हा बोअर आपल्याकडे तुम्हाला निषिद्ध आहे.)

हवालदाराशी बोलून आम्ही आमच्या युनिटपुरती एक पद्धत सुरू केली आहे. पिस्तूल कोणतंही असो, टेबलावर यायच्या आधी ते वाळूच्या पेटीसमोर जातं. मॅगझिन बाहेर. स्लाइड मागे ओढून अडकवायची. चेंबर डोळ्यांनी बघायचं, मग करंगळी घालून चाचपायचं. शेजारच्या जोडीदाराने तेच पुन्हा करायचं आणि मोठ्याने 'खाली' म्हणायचं. चाप दाबायचाच असेल तर त्यानंतर, आणि नळीचं तोंड वाळूकडे. रेंजपेक्षा जास्त शिस्त टेबलावर, असं मी रोल कॉलला सांगितलं. १एला ह्यातलं निम्मं लागत नाही हे मला माहीत आहे. तरीही दोघांना एकच पद्धत, म्हणजे हाताला निवड करावी लागणार नाही.

आमच्याआधीच्या पिढीने .३८ची रिव्हॉल्व्हर देऊन १ए घेतलं. तेव्हा तुमच्या हातांना काय काय विसरावं लागलं, आणि ते विसरायला किती दिवस लागले? सेवानिवृत्त मंडळींनी जरूर लिहावं. मी ते हवालदाराला वाचून दाखवणार आहे. पुढच्या महिन्याच्या क्लाससाठी तो टिपणं काढतो आहे.