समासातली कोयरी

वही सजवायला शिकायचं म्हणून जे माझ्याकडे येतात, त्यांना मी पहिल्या दिवशी वही उघडूच देत नाही. ती बहुतेकदा नवीकोरी, जाड पुठ्ठ्याची, इलॅस्टिकच्या पट्टीची आणि चांगलीच महाग असते. सोबत ब्रशपेनांचा अख्खा डबा. आणि चेहऱ्यावर धाकधूक, कारण एवढ्या भारी कागदावर पहिलीच रेघ वाकडी आली तर? मी सगळ्यांपुढे पाठकोरे कागद ठेवते. जुनी बिलं, प्रिंटरमध्ये फसलेली पानं, असं काहीही. वर एक साधं बॉलपेन. पाठकोऱ्या कागदावर कुणाची अब्रू जात नाही.

मी उपयोजित कला शिकले, मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते आणि सुटीच्या दिवशी हे डूडलचे वर्ग घेते. वर्गाला कॉलेजच्या मुली येतात, आयटीतली मंडळी येतात, नातवंडाला सोडायला आलेल्या आजी स्वतःच बसून घेतात. वयं वेगळी, पण तक्रार एकच: ‘मॅडम, आमची चित्रकला शाळेतच संपली.’ शाळेत ती कुठे संपली तेही मला ठाऊक असतं. टेबलावरचा माठ, मागचा चुणीदार पडदा, पुढे दोन वांगी आणि एक लिंबू. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या स्थिरचित्राने मला बघायला शिकवलं, त्याचे उपकार मी मानते. पण त्याच माठापाशी निम्म्या महाराष्ट्राने पेन्सिल खाली ठेवली, हेही खरं. आणि रोजनिशीच्या कोपऱ्यात काढायच्या चित्राला त्या माठाची गरज नसते. तिथे वस्तू हुबेहूब दिसायला नको, ओळखू आली की पुरे. डूडल हे अक्षरासारखं गिरवायचं असतं. ‘क’ काढताना आपण कुठल्या खऱ्याखुऱ्या ‘क’कडे बघत नाही, आधी गोल, मग दांडी, मग शेपूट, असा क्रम हाताला पाठ असतो. कप, पान, ढग, घर यांचेही असेच क्रम असतात आणि ते असेच पाठ होतात.

एड एम्बर्ली या अमेरिकन चित्रकाराने १९७० साली प्राणी काढायला शिकवणारं पुस्तक केलं, ते याच पायावर. गोल, त्रिकोण, ठिपका, रेघ, एखाद-दुसरं अक्षर, एवढ्याच भांडवलावर पायरीपायरीने बेडूक किंवा सिंह उभा राहतो. पुस्तक फार गोड आहे, मी वर्गात ठेवते. तरी मराठी घरातल्या माणसाला पहिला धडा घ्यायला अमेरिकेला जायची गरज नाही असं माझं ठाम मत आहे, कारण आपल्याकडे चैत्रांगण आहे.

चैत्रगौर बसते त्या महिन्यात दारापुढे किंवा तुळशीपाशी काढायची ही रांगोळी ज्यांनी बघितली असेल, त्यांनी ती पुन्हा एकदा डूडलच्या नजरेने आठवून बघावी. वर आंब्याचं तोरण, मधे पाळण्यातली गौर, आणि भोवती पन्नासेक चिन्हं: सूर्य, चंद्र, शंख, चक्र, कमळ, स्वस्तिक, तुळशीवृंदावन, कासव, नाग, मोर, हत्ती, फणी, आरसा, हळदीकुंकवाचे करंडे. यातलं एकही चिन्ह निसर्गाबरहुकूम नाही. कासव म्हणजे एक लांबट गोल, चार ठोसे आणि पुढे एक टोक. फणी म्हणजे आडवा आयत आणि त्याला दात. आरसा म्हणजे गोल आणि मूठ. चिमटीतून भुकटी सोडत, उकिडवं बसून, सकाळच्या घाईत काढायचं असल्यामुळे ज्या रेघेवाचून चालेल ती पिढ्यान्‌पिढ्या गळत गेली आणि अडेल तेवढीच उरली. डूडल शिकवणाऱ्या कुठल्याही पुस्तकाला याहून चांगली गाळणी सापडलेली नाही. माझ्या वर्गात पहिल्या दिवशीचा अभ्यास हाच असतो: चैत्रांगणातली दहा चिन्हं, प्रत्येक अंगठ्याच्या नखाएवढं, बॉलपेनने. आजी लोक इथे आयटीवाल्यांना सपशेल हरवतात.

माणसं काढायची असतील तर वारली चित्रातली बांधणी बघावी. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून ठेवले की धड आणि कंबर, वर गोल डोकं, हातापायांच्या रेघा. वरचा त्रिकोण जरा कलला की माणूस वाकतो, धावतो, ओझं उचलतो. डहाणूकडच्या जिव्या सोमा मशे यांनी या मोजक्या आकारांतून गावंच्या गावं आणि माशांनी भरलेली जाळी उभी केली. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. बांधणी जरूर शिकावी. लग्नाच्या वेळी सवाशिणींनी भिंतीवर लिहायचा देवचौक उचलून खरेदीच्या यादीभोवती चौकट म्हणून काढणं मात्र मला खटकतं.

आता हाताबद्दल. नवशिक्याची रेघ केसाळ असते. घाबरत घाबरत, अर्धा-अर्धा सेंटिमीटर पुढे सरकत, मागची रेघ पुन्हा गिरवत तो जातो आणि शेवटी रेघेच्या जागी सुतळी तयार होते. यावर इलाज साधा आहे. रेघ जिथून निघणार तिथे एक ठिपका, जिथे पोचणार तिथे दुसरा. पेन पहिल्यावर टेकवायचं आणि नजर दुसऱ्यावर ठेवायची. पेनाच्या टोकाकडे बघायचं नाही. मनगट घट्ट न धरता कोपरापासून हात न्यायचा. रेघ थोडी वाकडी येईल, पण एकसंध येईल, आणि वाकडी एकसंध रेघ सरळ केसाळ रेघेपेक्षा कधीही देखणी दिसते.

मग मी कटिंगचा ग्लास काढायला लावते, कारण त्यात सगळी मेख एका जागी आहे. तोंडाशी चपटा लंबगोल. दोन्ही कडांपासून खाली येणाऱ्या, किंचित आत कललेल्या दोन रेघा. इथवर सगळ्यांचं बरोबर येतं. मग बूड येतं आणि दहातले आठ जण ते पट्टीने आखल्यासारखं सपाट काढतात. तोंड वरून दिसतंय आणि बूड समोरून, म्हणून ग्लास चेपल्यासारखा दिसतो. काय चुकलं ते कळत नाही, फक्त ‘मला जमत नाही’ हे पुन्हा एकदा सिद्ध होतं. बुडाची रेघ तोंडाच्या लंबगोलाच्या खालच्या कडेसारखीच, खाली पोट काढलेली हवी. एवढा एक बदल केला की ग्लास टेबलावर बसतो. आत चहाची पातळी दाखवायची तीही त्याच वळणाची. बाहेरून चार-पाच उभ्या रेघा, की काचेचे पैलू. वाफेच्या दोन लाटा काढल्या तर काढा, माझं त्यावाचून अडत नाही. ग्लास जमला की कप, कुंडी, बादली, पिंप, ढोल हे सगळं आपोआप जमतं. नावं वेगळी, घडण तीच.

फांदीचंही असंच एक गुपित आहे. देठाची एक वळणदार रेघ काढली की लोक तिला काटकोनात पानं लावत सुटतात आणि फणी तयार होते. पानं शेंड्याकडे झुकवा, शेंड्याकडे जाताना लहान करा, आणि समोरासमोर लावण्याऐवजी आळीपाळीने लावा. पान म्हणजे दोनच वळणं, देठापासून निघून टोकाला भेटणारी. तेही रिकामं ठेवलं तर एक झाड, मधे शीर दिली तर दुसरं, अर्धं काळं केलं तर तिसरं. एवढ्या भांडवलावर पानामागून पानं सजतात.

पानाची किनार हा वेगळाच खजिना आहे, आणि तो कपाटात घडी घालून ठेवलेला असतो. विदर्भातल्या करवतकाठी साडीचा काठ म्हणजे करवतीच्या दातांसारखी त्रिकोणांची रांग. तीच समासाच्या रेघेवर काढा, एकाआड एक त्रिकोण भरा. पान भारदस्त दिसू लागतं. पैठणीचा नारळी काठ जरा सबुरीने घ्यावा. पदरावरची कोयरी मात्र पहिल्या आठवड्यातच यायला हवी. उलटा थेंब काढायचा आणि टोक एका बाजूला वळवायचं, झाली कोयरी. आत दुसरी लहान कोयरी, दोन्हींच्या मधल्या जागेत ठिपके. कोयरीची गंमत अशी की ती कुठेही मावते. परिच्छेद संपल्यावर ओळ अर्धी रिकामी राहिली, तिथे आडवी. समासात उभी. चार कोयऱ्यांची टोकं मध्यावर जुळवली की फूल. आपल्या घरातल्या एका साडीचा काठ कागदावर उतरवून आणा, असा गृहपाठ मी देते. पुढच्या वेळी साडी आईची की आजीची, कुठून घेतली, कुणाच्या लग्नात नेसली, या गप्पांतच तासाचा बराच भाग जातो. जाऊ दे.

हल्ली जर्नलसाठी ठिपक्यांच्या वह्या मिळतात. ठिपके साधारण ५ मिलिमीटर अंतरावर आणि इतके फिके की लिहिल्यावर दिसू नयेत. या वह्या पहिल्यांदा बघून एक आजी म्हणाल्या, ‘अगं, हा तर रांगोळीचा कागद!’ आणि उदबत्तीने भोकं पाडलेला त्यांचा जुना कागद त्यांना आठवला. फरक एवढाच की वहीतले ठिपके सरळ रांगेत एकाखाली एक असतात, आणि ‘सात ते चार’सारख्या रांगोळीत खालच्या ओळीचा ठिपका वरच्या दोहोंच्या मधे येतो. त्यावर तोड अशी: पहिल्या ओळीत एकाआड एक ठिपका धरायचा, दुसऱ्या ओळीत नेमके सोडलेले धरायचे. रांगोळी थोडी उभट-आडवट होते, पण जुळते.

सजावटीच्या वेडाबद्दल दोन शब्द बोलायलाच हवेत. ज्या बुलेट जर्नलमुळे ही लाट आली, ती पद्धत रायडर कॅरोल या न्यूयॉर्कच्या डिझायनरने २०१३ साली लोकांपुढे ठेवली. लहानपणापासून लक्ष एकाग्र होत नसे, म्हणून त्याने स्वतःपुरती शोधलेली ती युक्ती. कामाला ठिपका, कार्यक्रमाला पोकळ गोल, टिपणाला आडवी रेघ, झालेल्या कामावर फुली. बस्स. फूल नाही, पान नाही. म्हणजे दुधाचा हिशेब आणि गॅस लावल्याची तारीख टिपलेल्या आपल्या कालनिर्णयाच्या चौकटींशी त्याचं जवळचं नातं. पुढे इन्स्टाग्रामवर त्याची जी आरास झाली, तिच्यामुळे माणसं महिन्याच्या पहिल्या पानावर दोन-दोन दिवस खपतात आणि दहा तारखेनंतर वही कोरी राहते. म्हणून माझा एकच हट्ट असतो. आधी मजकूर. जे झालं, जे करायचंय, जे सुचलं ते लिहून काढा. जागा उरेल तिथे चित्र. चित्रासाठी जागा आधी राखून ठेवली की मजकूर पाहुण्यासारखा अवघडून बसतो.

आणि खोडाखोड झाली तर व्हाइटनर लावू नका. रवींद्रनाथ टागोर १९२४ साली अर्जेंटिनात आजारपणामुळे मुक्कामाला होते, तेव्हा ‘पूरबी’तल्या कविता लिहिताना खोडलेले शब्द ते एकमेकांना रेघांनी जोडत गेले आणि त्यातून चोची, पंख, विचित्र प्राणी निघाले. त्यांच्या यजमान व्हिक्टोरिया ओकाम्पो यांनी त्या वहीतली ताकद ओळखली. १९३० साली पॅरिसमध्ये रवींद्रनाथांच्या चित्रांचं पहिलं प्रदर्शन भरलं, ते त्यांच्याच खटपटीने. वहीत ही खोडाखोड चालू होती तेव्हा कवीने साठी ओलांडली होती. ‘आता या वयात कुठे’ म्हणणाऱ्यांना मी एवढंच सांगून पाठकोरा कागद पुढे सरकवते.

गोव्याच्या मारिओ मिरांडांची गोष्ट उलट दिशेची. मुलगा घराच्या भिंती रंगवतो म्हणून आईने हातात वही दिली, आणि पुढे तो चित्रांतूनच रोजनिशी लिहू लागला. १९४९, ५० आणि ५१ या वर्षांच्या त्या रोजनिश्या पुस्तकरूपात आल्या आहेत. त्या बघताना माझं लक्ष सफाईकडे जात नाही. गल्लीतली माणसं, पाद्री, कुत्री, नाच, कंटाळा, सगळं त्याच त्या दिवशी टिपलेलं आहे. रीतसर चित्रकलेचं शिक्षण त्यांनी घेतलेलं नव्हतं.

‘डूडल केल्याने स्मरणशक्ती वाढते’ असं छातीठोक सांगणारे भेटतात. त्यांचा आधार बहुधा प्लिमथ विद्यापीठातल्या जॅकी अँड्रेड यांचा प्रयोग असतो. ४० जणांना फोनवरचा एक रटाळ निरोप ऐकवला, निम्म्यांना ऐकताना कागदावरचे छापील आकार भरायला दिले. आकार भरणाऱ्यांना नंतर २९ टक्के जास्त तपशील आठवले. प्रयोग चांगला आहे. पण तिथे लोक नुसते चौकोन-गोल भरत होते, पैठणीचा पदर काढत नव्हते. मीटिंगमध्ये ठिपके भरा, मोर घरी काढा.

सामानाचं थोडक्यात सांगते, कारण लोक नेमके इथेच पैसे घालवतात. बॉलपेन उत्तम, कागदाच्या मागे फुटत नाही आणि दाब कमी-जास्त करून छटा देता येते. मधेच शाईचा गोळा येतो, तो शेजारच्या कपट्यावर पुसायचा. जेलपेनची शाई वाळायला वेळ घेते, डावखुऱ्यांचा हात हमखास फिरतो. सवय टिकली असं वाटलं की पिगमेंट शाईचं एकच फाइनलायनर घ्या, ०५ क्रमांकाचं. त्याची रेघ ०.४५ मिलिमीटरची असते आणि वरून पाण्याचा रंग लावला तरी पसरत नाही. झेरॉक्सचा कागद ७०-७५ जीएसएमचा असतो, त्यावर ब्रशपेन मागे उमटतं. शंभराच्या वरचा कागद असेल तर निर्धास्त. एलआयसीच्या एजंटाने दिलेली डायरी बॉलपेनला झकास चालते. रंग एका वेळी दोनच.

हा अंक हातात पडेल तेव्हा फराळाची तयारी चालू असेल, म्हणून त्या आठवड्यापुरतं सांगते. चकलीपासून सुरुवात करा. आतून बाहेर जाणारं एक वेटोळं आणि कडेला बारीक काटे. करंजी म्हणजे अर्धचंद्र, काठाला मुरड. पणतीला कोयरीच आडवी करायची, टोकाशी ज्योत. आकाशकंदिलाला आधी शेपट्या काढू नका, नाहीतर वर कंदील मावत नाही. वसुबारसेची गाय मात्र नवशिक्यांना छळते. तोंड घोड्यासारखं होतं, पाय टेबलासारखे. तिथे हटून बसू नये. उंबऱ्यापाशी गोपद्मं काढणाऱ्या बायकांनी तो प्रश्न केव्हाच सोडवून ठेवलाय: शेजारी शेजारी दोन लांबट पाकळ्या, टोकं आतल्या बाजूला वळलेली, की झालं खूर. तारखेशेजारी दोन खुरं उमटली की गाय येऊन गेली.