यंत्राभोवती एक फेरी

मुलांनो, रस्ता खोदणारे पिवळे यंत्र तुम्ही नेहमी पाहता. ते काम करू लागले की शाळेची वाट विसरून तुम्ही कडेला उभे राहता. पुढे सुपासारखी मोठी बकेट आणि मागे वाकडा, लांब हात! आपण सगळे त्याला जेसीबी म्हणतो. खरे तर ते एका कंपनीचे नाव आहे. जोसेफ सिरिल बॅमफर्ड या इंग्रज गृहस्थाने 1945 मध्ये ती सुरू केली आणि त्याच्या नावाची आद्याक्षरे यंत्राला चिकटली. या यंत्राचे नाव बॅकहो लोडर. हे मला माझ्या धाकट्या भावाच्या परीक्षेमुळे कळले. त्याच परीक्षेची गोष्ट मी आज तुम्हांला सांगणार आहे.

आम्ही मालेगावचे. अब्बा यंत्रमागावर काम करत. भावाचे मन मात्र मागात रमले नाही. दहावीनंतर तो एका ठेकेदाराकडे हेल्पर म्हणून लागला. यंत्राला ग्रीस लावणे, डिझेल भरणे, काचा पुसणे ही त्याची कामे. ऑपरेटर जेवायला गेला की तो हळूच सीटवर बसून दांडे हलवून पाही. पाहून पाहून त्याचा हात तयार झाला. परवाना मात्र नव्हता.

2018 चा उन्हाळा होता. एका वस्तीत गटाराचे काम चालले होते. भर दुपारी ऑपरेटर चहाला गेला. मुकादम भावाला म्हणाला, "यंत्र जरा मागे घे रे, ट्रक यायचा आहे." चावी यंत्रातच होती. भाऊ वर चढला आणि त्याने इंजिन सुरू केले. इतक्यात एक मजूर बाई ओरडत धावत आली. मागच्या चाकाच्या सावलीत तिचे वर्षाचे मूल गोधडीवर झोपले होते. आजूबाजूला दुसरी सावलीच नव्हती. चाक अजून हलले नव्हते. बाईने मूल उचलले, छातीशी धरले आणि एक शब्दही न बोलता ती निघून गेली.

त्या रात्री भाऊ जेवला नाही. अम्मीला म्हणाला, "भूक नाही." मग गच्चीवर येऊन त्याने मला सारे सांगितले. मला फार राग आला. "परवाना नसताना तू चढलासच कसा?" मी विचारले. तो खाली मान घालून म्हणाला, "चूक झाली, आपा. पण परवाना असता तरी ते मूल मला दिसलं नसतं. सीटवरून तिथलं काही दिसतच नाही."

यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. थोड्या वेळाने तो म्हणाला, "आपा, मला परीक्षा द्यायची आहे. रीतसर शिकायचं आहे. तुम्ही मला मराठी शिकवाल?"

मी नुकतीच बी.एड. होऊन शाळेत लागले होते. यात काय अवघड आहे, असे मला वाटले. परीक्षेच्या संगणकावर भाषा निवडता येत होती. पण त्याला मिळालेले पुस्तक मराठीत होते आणि कामावरच्या पाट्याही मराठीत. म्हणून त्याने मराठीच निवडली. आम्ही अर्ज वाचायला बसलो. परवाना, अर्ज, इशारा, नुकसान, जमीन, जबाबदारी हे शब्द वाचून तो हसायला लागला. "आपा, हे तर आपलेच शब्द!" मी म्हणाले, "आपले आहेत आणि मराठीचेही आहेत. अरबी-फारसीतून ते फार पूर्वी मराठीत आले आणि इथलेच झाले." त्याची भीती निम्मी कमी झाली. मग मी त्याच्याकडून प्रश्नोत्तरे पाठ करून घेतली.

आधी शिकाऊ परवान्याची परीक्षा असते. त्यात शेकडा 60 उत्तरे बरोबर यावी लागतात. भाऊ नापास झाला. घसरणाऱ्या मोटारीचे चित्र त्याने ओळखले होते. पण खालच्या पर्यायांत 'निसरडा रस्ता' म्हणजे तेच, हे त्याला कळले नाही. 'अरुंद पूल' इथेही तो अडला. मुलांनो, त्या दिवशी तो एकटा नापास झाला नाही, मीही झाले. मी त्याला उत्तरे पाठ करायला लावली होती, शब्द शिकवलेच नव्हते.

मग आम्ही पुस्तक मिटले आणि संध्याकाळी फिरायला जाऊ लागलो. आमची गल्ली अरुंद. मोसम नदीच्या पुलाकडे जाताना लागतो तो चढ. गॅरेजसमोर तेल सांडलेली जागा निसरडी. उजवीकडे मशीद, डावीकडे दवाखाना. रस्त्यावरच्या पाट्यांची रीतही ध्यानात आली. गोल पाटी बहुतेक हुकूम सांगते, त्रिकोणी पाटी सावध करते आणि चौकोनी पाटी माहिती देते. पुढच्या खेपेला भाऊ पास झाला.

शिकाऊ परवाना मिळाल्यावर निदान 30 दिवस तरी पक्क्या परवान्याची चाचणी देता येत नाही. त्या दिवसांत तो एका प्रशिक्षण केंद्रात जाऊ लागला. आता रोज रात्री तो मला शिकवू लागला. एवढासा दांडा ओढला की टनभर माती कशी उचलली जाते? बंद नळीतल्या तेलावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो. पास्कलचा हा नियम मी शाळेत पाठ केला होता. भावाच्या हाताला तो रोज जाणवत होता. नळीतून तेल गळते का, हे बोट लावून कधी पाहायचे नाही. कारण जोराच्या दाबाची बारीक धार कातडीतून आत घुसते. काम संपले की बकेट जमिनीवर टेकवून ठेवायची. खणलेली माती चराच्या काठावर रचायची नाही. एक घनमीटर माती सुमारे दीड टन भरते. तिच्या भाराने काठ ढासळला, तर आतल्या माणसाला बाहेर पडायला वेळच मिळत नाही.

आणि एक नियम त्याने लाल पेनने अधोरेखित केला होता : यंत्रावर चढण्याआधी त्याच्याभोवती एक पूर्ण फेरी मारा. वाक्य साधेच होते. पण ते वाचताना तो थांबला आणि बराच वेळ पुढचे पान उलटले नाही.

चाचणीच्या दिवशी निरीक्षक म्हणाले, "चढा वर, सुरू करा." भाऊ वर चढला नाही. तो यंत्राच्या मागे गेला, चारही चाकांजवळ वाकला आणि फेरी पुरी करून आला. निरीक्षकांनी विचारले, "काय शोधत होतात?" तो मराठीत म्हणाला, "साहेब, सावलीत कोणी झोपलंय का, ते पाहिलं." निरीक्षक क्षणभर त्याच्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "ठीक आहे. आता चढा."

भावाला परवाना मिळाला. अब्बांनी तो कागद दिव्याखाली धरून दोनदा वाचला. आज भाऊ स्वतः ऑपरेटर आहे. उतरताना तो चावी खिशात घालतो; यंत्रात ठेवत नाही. त्याच्या हाताखाली नवा हेल्पर आला की त्याला तो दांड्यांना हात लावू देत नाही. आधी यंत्राभोवती फेरी मारायला लावतो आणि काय काय दिसले ते विचारतो.

मुलांनो, पिवळे यंत्र दिसले की तुम्ही थांबणारच. जरूर पाहा, पण लांबून पाहा आणि ऑपरेटरचा चेहरा दिसेल अशाच जागी उभे राहा. तुम्हांला त्याचा चेहरा दिसत नसेल, तर त्यालाही तुम्ही दिसत नसता.