विकत घेणाराच चोर?

परवा कपाट आवरताना २००६ साली घेतलेल्या एका गेमची ओरिजिनल सीडी सापडली. पहिल्या पगारातून घेतलेली! खोलीवरच्या कॉम्प्युटरवर फक्त लिनक्स होतं, म्हणून वाईन वापरून इन्स्टॉल केली. सगळं नीट झालं आणि मग म्हणे, "ओरिजिनल डिस्क घाला". अरे बाबा, ड्राइव्हमध्ये तीच तर आहे!

अशा कुलपांचं काम कसं चालायचं बघा. उदाहरणार्थ सेफडिस्क. डिस्क खरी की नकली हे तपासायला ते विंडोजच्या कर्नलमध्ये आपला ड्रायव्हर बसवायचं. वाईन विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवतं खरं, पण खाली विंडोजचा कर्नल नसतोच. मग तपासणी बऱ्याचदा तिथेच अडायची.

शेवटी रूममेटने कुठूनतरी क्रॅक आणला. दोन मिनिटांत गेम सुरू! पण पैसे मोजूनही आपणच चोरी केल्यासारखं वाटलं.. अजूनही वाटतं.

गंमत म्हणजे २०१५ मध्ये विंडोज १० आलं आणि सुरक्षेच्या कारणावरून त्यात सेफडिस्कचा ड्रायव्हर चालेनासा झाला. म्हणजे ओरिजिनल डिस्कवाले विंडोजवालेही आमच्याच रांगेत!

सीडी फेकवली नाही. बिलासकट परत ठेवून दिली. असो.